अकरावी-बारावीचा इतिहास म्हणजे नेमकं काय? देवगाव रंगारीहून दिसणारं चित्र

दहावीचा निकाल लागला की पुढचे चार दिवस घरात एकच विषय असतो : सायन्स की आर्ट्स? सायन्स म्हटलं की पाहुणे खूश होतात. आर्ट्स म्हटलं की जरा थांबून विचारतात, "मार्क कमी पडले का?" आणि त्यातही इतिहास घेतलाय असं कळलं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच, "सनावळ्या पाठ करून काय होणार?"

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचं मोठं गाव आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडचं. इथल्या किंवा आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांसाठी हा प्रश्न जास्तच टोकदार असतो. सायन्स घ्यायचं तर क्लास, खोली, मेस, एसटीचा पास असा खर्च दिसायला लागतो. आर्ट्स जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात होऊन जातं. म्हणून अनेक जण आर्ट्सला जातात आणि त्यातले बरेच जण इतिहास घेतात. आवड म्हणून थोडे, सोपा विषय म्हणून जास्त.

पण तो सोपा आहे का? २०२५ च्या बारावीच्या निकालात सायन्सचे ९७.३५ टक्के विद्यार्थी पास झाले, कॉमर्सचे ९२.६८ टक्के आणि आर्ट्सचे ८०.५२ टक्के. म्हणजे आर्ट्सच्या दर पाच मुलांमागे जवळपास एक जण अडकला. याचं खापर एकट्या इतिहासावर फोडता येणार नाही. इंग्रजीसारखे विषय असतात, घरची परिस्थिती असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं ऐन हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेला बसतात. तरीही "आर्ट्स म्हणजे आपोआप पास" हा समज आकड्यांत टिकत नाही, एवढं नक्की.

दहावीपर्यंत काय झालेलं असतं?

महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या मुलाची इतिहासाशी पहिली खरी ओळख चौथीत होते, ती शिवाजी महाराजांच्या चरित्रातून. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक भारत, नववीत स्वातंत्र्यानंतरचा भारत. दहावीचं पुस्तक मात्र अगदी वेगळं. त्यात राजे आणि लढाया जवळपास नाहीतच. इतिहास लिहितात कसा, वर्तमानपत्रं, सिनेमा, खेळ, पर्यटन यांचा इतिहासाशी संबंध काय, वारसा जपायचा कसा, असे विषय त्यात आहेत. बोर्डाच्या पेपरात इतिहास-राज्यशास्त्राला मिळून ४० गुण असल्यामुळे हे पुस्तक बहुतेक ठिकाणी घाईत उरकलं जातं. हे वाईटच, कारण अकरावीत जी नजर लागते ती देणारं पुस्तक नेमकं हेच आहे.

दहावीनंतर इतिहास सक्तीचा राहत नाही. आर्ट्सला इंग्रजी आणि आणखी एक भाषा (खेड्यात बहुधा मराठी) घेतल्यावर बाकीचे विषय कॉलेजात जे शिकवले जातात त्यांतून निवडायचे असतात : इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वगैरे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. आधी ही पद्धत मोठ्या शहरांपुरती होती, आता देवगावच्या मुलालाही पोर्टलवर पसंतीक्रम भरावा लागतो. फॉर्ममध्ये कॉलेजचं नाव टाकण्याआधी तिथे इतिहास शिकवतात का, शिक्षक आहेत का, हे जाऊन विचारलेलं बरं. प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नसतो.

अकरावी : पुस्तकातला रस्ता आणि एसटीचा रस्ता

अकरावीचं सध्याचं पुस्तक बालभारतीने २०१९ मध्ये आणलं. भारतातल्या पहिल्या शेतकऱ्यांपासून ते मराठ्यांच्या साम्राज्यापर्यंत ते पोचतं. हडप्पा, ताम्रपाषाणयुगातली गावं, वैदिक काळ, जनपदं, मौर्य, दक्षिणेतली राज्यं, दिल्लीची सुलतानशाही, विजयनगर आणि बहमनी, मुघल, मराठे. यादी वाचूनच दम लागतो.

देवगाव रंगारीच्या मुलाला यात एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या मुलाला नाही. या पुस्तकातला निम्मा रस्ता त्याच्या घराभोवतीच आहे.

कन्नड तालुक्याच्याच उत्तरेला पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी कोरायला सुरुवात झालेली. सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग, दान देणारे व्यापारी, बौद्ध विहार हे सगळं तिथे दगडात दिसतं. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, तेही याच जिल्ह्यात. देवगावच्या पूर्वेला, एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर वेरूळ. तिथून पुढे खुलताबाद आणि दौलताबाद. ताम्रपाषाणयुगासाठी पुस्तकात येणारं दायमाबाद प्रवरेच्या काठावर, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

दौलताबादचा किल्ला एकटाच चार-पाच धडे शिकवतो. यादवांची देवगिरी. १२९६ मध्ये तिच्यावर चालून आलेला अलाउद्दीन खलजी, जो तेव्हा सुलतान नव्हता, सुलतानाचा पुतण्या आणि जावई होता. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने इथे हलवलेली राजधानी. १३४७ मध्ये इथल्याच अमिरांच्या बंडातून जन्मलेलं बहमनी राज्य. नंतर निजामशाही, आणि तिचा कर्तबगार वजीर मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६३३ मध्ये किल्ला मुघलांकडे गेला आणि पुढे आसफजाही निजामांकडे. परीक्षेत या गोष्टी चार वेगवेगळ्या प्रकरणांतून येतात आणि मुलं त्या चार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. किल्ल्यावर उभं राहिलं की त्या एका जागेच्या होतात.

वेरूळचंही तसंच. चौतीस लेणी : बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. त्याच गावात घृष्णेश्वराचं मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचं गावही हेच.

कैलास कोणी कोरला? उत्तर कैलासावर लिहिलेलं नाही

हा मुद्दा जरा निवांत बघण्यासारखा आहे, कारण मोबाइलवर रोज येणारा इतिहास आणि अकरावीला शिकायचा इतिहास यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

सोशल मीडियावर कैलास लेण्याचे व्हिडिओ दर महिन्याला फिरतात. कोणी म्हणतं परग्रहवासीयांनी कोरलं, कोणी म्हणतं आजही असं यंत्र नाही, कोणी इतके टन दगड भागिले इतकी वर्षं असं गणित मांडून "मानवाला अशक्य" ठरवतं. ऐकायला भारी वाटतं.

इतिहासाचा विद्यार्थी इथे एक साधा प्रश्न विचारतो : हे कशावरून?

सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, "हे अमुक राजाने कोरलं" असा लेख नाही. मग राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं नाव आलं कुठून? बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा. त्यात कृष्णराजाने एलापूरला अद्भुत शिवमंदिर उभारल्याचं वर्णन आहे. एलापूर म्हणजे वेरूळ. शेजारच्या पंधराव्या लेण्यात कृष्णाच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे, म्हणजे राष्ट्रकूट तिथे होते हे स्वतंत्रपणे कळतं. शिल्पांची शैली पट्टदकलच्या मंदिरांशी जुळते. छिन्नीच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. अर्धवट राहिलेली लेणी आजूबाजूला आहेत, त्यांवरून वरून खाली कोरत येण्याची पद्धत समजते.

म्हणजे एका वाक्याच्या उत्तरामागे ताम्रपट, शिलालेख, शैली आणि अर्धवट काम असे चार वेगळे पुरावे आहेत. परग्रहवासीयांच्या बाजूने एकही नाही. पुस्तकात हे सगळं सविस्तर देत नाहीत, तेवढी जागा नसते. पण "साधने" हा शब्द पुस्तकात वारंवार येतो त्याचा अर्थ हा आहे.

असंच खुलताबादचं. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा बोर्डाची परीक्षा चालू होती. त्या दिवसांत फोनवर जे फिरत होतं त्यात दोन्ही बाजूंचा राग भरपूर होता, माहिती थोडी. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे खुलताबादला सूफी संत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. याच गावात मलिक अंबरची कबर आहे, जो आयुष्यभर मुघलांशी लढला. आणि याच गावात पहिला निजाम आसफजाह याचीही, जो मुघलांचा सरदार म्हणून दख्खनमध्ये आला आणि स्वतंत्र झाला. हे एवढं माहीत असलेला मुलगा कमेंट बॉक्समध्ये वेगळा बोलतो. निदान थांबून बोलतो.

बारावी : एकदम युरोप

बारावीचं पुस्तक २०२० चं. पहिलं पान उघडलं की मूल थेट इटलीत जाऊन पडतं. युरोपातलं प्रबोधन, विज्ञानाचा विकास, मग वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे, सामाजिक-धार्मिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, संस्थानांचं विलीनीकरण, दोन महायुद्धं, आशिया-आफ्रिकेतले देश स्वतंत्र कसे झाले, शीतयुद्ध, आणि शेवटी आजच्या भारतातले बदल. एकूण बारा प्रकरणं.

अकरावीत घराजवळ फिरलेल्या मुलाला इथे चुकल्यासारखं होतं. लिओनार्दो, गॅलिलिओ, औद्योगिक क्रांती ही नावं परकी, आणि शिक्षकही बऱ्याचदा "हे पाठच करा" म्हणून मोकळे होतात. खरं तर पहिल्या तीन प्रकरणांचा धागा एकच आहे : युरोपात कारखाने वाढले, त्यांना कच्चा माल आणि गिऱ्हाईक लागलं, आणि ते शोधत ते इथवर आले. हा धागा धरला तर अर्धी पाठांतराची कटकट संपते.

मराठवाड्याच्या मुलासाठी या पुस्तकातली सगळ्यात जवळची पानं संस्थानांच्या विलीनीकरणाची. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, पण देवगाव रंगारी तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. इथे १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेरा महिने. मधल्या काळात निजाम मीर उस्मान अली खान, भारत सरकारशी झालेला 'जैसे थे' करार, कासिम रझवीचे रझाकार, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची स्टेट काँग्रेस, आणि १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलिस कारवाई. पुस्तकात हे थोडक्यात येतं. प्रत्येक गावाकडे त्यातला स्वतःचा तुकडा असतो.

यातली एक गोष्ट अकरावी-बारावीच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी, कारण ती त्यांच्याच वयाच्या मुलांची आहे. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. इंटरमीजिएट म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षं, आजची अकरावी-बारावीच. बंदी घातली तरी मुलं हटली नाहीत. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचलं, शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होतं, मराठी शिकायची सोय तुटपुंजी होती. सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा संस्था त्या पोकळीत उभ्या राहिल्या.

आणि एक अवघड पान. रझाकारांनी गावांवर केलेले अत्याचार घरोघर सांगितले जातात. पोलिस कारवाईनंतर संस्थानातल्या मुस्लिम वस्त्यांवर जे झालं ते कमी सांगितलं जातं. केंद्र सरकारने त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिचा अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. बारावीच्या पेपरात यावर प्रश्न येणार नाही. पण "तुमचे मत नोंदवा" असा प्रश्न ज्या विषयात असतो, त्या विषयात मत बनवण्याआधी किती कागद बघावे लागतात याचं हे जवळचं उदाहरण आहे.

पेपर कसा असतो आणि मार्क कुठे जातात?

बारावीचा इतिहास १०० गुणांचा, विषय क्रमांक ३८. लेखी ८० गुण, वेळ तीन तास, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. पास व्हायला ३५ टक्के.

लेखी पेपरात योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, व्यक्ती-ठिकाण-घटनेचं नाव लिहा असे छोटे प्रश्न असतात. संकल्पनाचित्र असतं, नकाशा बघून उत्तरं द्यायची असतात. मग टिपा, कारणं, मत आणि शेवटी दीर्घोत्तरी. छोटे प्रश्न पुस्तकातूनच येतात, तिथे गाइड पुरतं. मार्क जातात ते कारणांच्या आणि मताच्या प्रश्नांत.

एक नमुना बघा. समजा प्रश्न आहे : "हैदराबाद संस्थानाचे भारतात विलीनीकरण आवश्यक होते, सकारण स्पष्ट करा." बहुतेक उत्तरं अशी असतात : निजाम वाईट होता, रझाकारांनी अत्याचार केले, सरदार पटेलांनी कारवाई केली, म्हणून विलीनीकरण झालं. ही घडलेली हकिगत झाली. विचारलं होतं कारण.

चांगलं उत्तर कारणं सुटी करतं. संस्थान भारताच्या मधोमध, चारही बाजूंनी भारतीय प्रदेश, म्हणून दळणवळण आणि संरक्षणाचा प्रश्न. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारे लोक, त्यांचे भाऊबंद सीमेपलीकडे. बहुसंख्य जनतेची इच्छा, जी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात दिसली. करार होऊनही निजामाने वेगळं राहण्याच्या चालवलेल्या हालचाली. रझाकारांच्या हिंसेमुळे सीमेवर पसरलेली असुरक्षितता. पाच मुद्दे, प्रत्येकी एक-दोन वाक्यं, शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८. एवढ्या उत्तराला परीक्षक मार्क कापायला कारण शोधत बसत नाही.

सनावळ्यांचं काय? त्या लागतात, पण वाटतं तेवढ्या नाहीत. कोणतं आधी, कोणतं नंतर हे पक्कं असलं की बरंच निभावतं. दीडशे तारखा सुट्या पाठ करण्यापेक्षा वहीच्या मागच्या पानावर एक लांब रेघ ओढून वीस-पंचवीस तारखा क्रमाने लावणं जास्त कामाचं. बालभारतीची दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. पुस्तक मिळालं नाही म्हणून गाइडवर राहायची गरज नाही.

शाळा सुटलेल्यांसाठीही दार बंद नाही. लग्न झालेल्या मुली, कामाला लागलेली मुलं १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसू शकतात, आणि प्रयोगशाळा लागत नसल्यामुळे त्यांच्यासाठी आर्ट्सचे विषय सोयीचे पडतात.

पुढे काय?

प्रामाणिक उत्तर असं की नुसत्या बारावी-इतिहासावर नोकरी नाही. बी.ए., मग बी.एड. किंवा एम.ए. आणि नेट-सेट, हा जुना रस्ता, त्यात जागा कमी. स्पर्धा परीक्षांत इतिहास सगळीकडे आहे. पोलिस भरतीच्या सामान्य ज्ञानापासून यूपीएससीपर्यंत. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे तिथेही आता गोल काळे करून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं. कारणं सुटी करून लिहायची बारावीची सवय तिथे कामाला येते. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि दोन्ही याच जिल्ह्यात. तिथे चांगल्या गाइडला काम आहे, अट एवढीच की परग्रहवासी सोडून बोलता आलं पाहिजे.

पण मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत इतिहासाची एक वेगळीच गरज उभी राहिली. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसील, शाळा, भूमी अभिलेख, सगळीकडची जुनी दप्तरं उघडली गेली. आणि लक्षात आलं की त्यातला मोठा भाग मोडीत आहे, काही उर्दूत, आणि वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गॅझेटियर हा शब्द ऐकला नव्हता अशा घरांत त्याची चर्चा सुरू झाली. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर नातवाचा दाखला अवलंबून असतो हे मराठवाड्याने डोळ्यांनी बघितलं.

मोडी शिकायला फार वेळ लागत नाही. पुराभिलेख विभाग त्याचे वर्ग घेतो, आणि विभागाचं एक कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे.

वीस गुणांचा प्रकल्प : गावाच्या नावात रंगारी का?

अंतर्गत २० गुणांत प्रकल्प असतो. तो कसा होतो हे सगळ्यांना माहीत आहे : झेरॉक्सच्या दुकानात रायगडाची चार चित्रं, स्केचपेनने बॉर्डर, इंटरनेटवरची दोन पानं. मार्क मिळतात. शिकायला काही मिळत नाही.

देवगाव रंगारीच्या मुलाला विषय शोधायला गावाच्या नावापलीकडे जायची गरज नाही. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. नाव तसं का पडलं हे तपासायचं कसं? गावातली जुनी आडनावं, रंगकाम हा ज्यांचा परंपरागत धंदा त्या भावसारांसारख्या समाजांची घरं, गल्ल्यांची आणि विहिरींची नावं, तहसीलमधलं जुनं खासरा पत्रक, निजामकाळातले कागद. जे सापडेल ते लिहायचं. नाही सापडलं तर "पुरावा मिळाला नाही, लोक असं सांगतात" हेही लिहायचं. प्रकल्पात हे वाक्य लिहायला बहुतेक मुलं घाबरतात, पण इतिहासात ते सन्मानाचं वाक्य आहे.

आणि मग हा छोटा विषय बारावीच्या पहिल्या तीन प्रकरणांना जाऊन भिडतो. दख्खनमध्ये लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळापासून निघायचा, निळा निळीपासून. जवळच पैठण आणि औरंगाबाद, पैठणी आणि हिमरूची गावं, म्हणजे रंगाला गिऱ्हाईक होतं. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लाल रंगाचं द्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केलं. १८९७ मध्ये कृत्रिम निळ बाजारात आली. पुढच्या काही दशकांत डब्यातला रंग इतका स्वस्त झाला की मुळं उकळत बसणं परवडेना. चंपारणमध्ये १९१७ साली गांधीजी ज्या निळीच्या शेतकऱ्यांसाठी गेले, त्यांच्या कथेतही ही कृत्रिम निळ आहे. औद्योगिक क्रांती म्हणजे मँचेस्टरची गिरणी, एवढंच पुस्तकात आठवतं. गावोगावच्या रंगाऱ्याची कढईही त्याच क्रांतीने थंड केली.

दुसरा विषय तितकाच जवळचा आणि त्याला घाई आहे. निजामाच्या राज्याची हद्द इथून लांब नव्हती. वैजापूर निजामाकडे, पलीकडचं येवला ब्रिटिशांकडे. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, तेही ब्रिटिश मुलखात. हद्दीवर जकातीचे नाके होते, त्याला करोडगिरी म्हणत. संस्थानात रुपयाही वेगळा, हाली शिक्का. बाजाराला जाताना काय लपवून न्यावं लागायचं, कोणत्या रुपयाला किती भाव मिळायचा, शाळेत कोणती भाषा होती, सप्टेंबर १९४८ च्या त्या आठवड्यात गावात काय ऐकू आलं, हे सांगू शकणारी माणसं तेव्हा दहा वर्षांची असतील तर आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याशी बोलताना "रझाकार कसे होते?" असा तयार उत्तराचा प्रश्न आधी विचारू नये. "तेव्हा घरात कोण कोण होतं?" इथून सुरुवात करावी, मग माणूस आपोआप बोलतो. फोनमधला रेकॉर्डर पुरतो. सुरुवातीलाच नाव, वय, गाव आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्यावी, परवानगी विचारावी, आणि तीच गोष्ट गावातल्या दुसऱ्या समाजातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडूनही ऐकावी. दोन हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवाव्यात.